सासूबाई हिरव्या पडल्या

"फोटो छापायला दुकानात कोण जातं? ज्यांना स्वतःला येत नाही ते!" असं बायकोला ऐकवून मी नवाकोरा प्रिंटर टेबलावर तोफेसारखा मांडला.

त्या दिवशी चार वाजता सासूबाई वाचनालयातून निवृत्त होणार होत्या. चौतीस वर्षांची नोकरी! पुस्तकांच्या कपाटापुढे मनापासून हसतानाचा त्यांचा फोटो मी महिन्यापूर्वी टिपला होता. तो मोठा छापून समारंभात द्यायचा होता.

"दुकानातल्या बाईंना एकदा विचारून घे," बायको कामावर निघताना म्हणाली.

"बटण दाबायला विचारायचं काय?"

दाबलं. स्क्रीनवर लख्ख दिसणाऱ्या सासूबाई कोळशाच्या खाणीतून वर आल्यासारख्या बाहेर पडल्या! मी प्रिंटरचं हेड साफ केलं. शाई तिथूनच बाहेर पडते. पुन्हा छापलं. आता सासूबाई हिरव्यागार! कोवळी भेंडीच जणू! पुन्हा साफ केलं. आणखी हिरव्या!

साडेबारा वाजले. कागद उरले चार. कागदाची बाजू उलटी करून बघावी का? शेवटी ताठा गुंडाळून ठेवला आणि बाईंना मेसेज केला : 'सासूबाई सकाळी काळ्या होत्या, आता पार हिरव्या पडल्यात. हेड दोनदा साफ केलं, फरक नाही. आता उलट्या घालून बघू का?'

घाईत तो गेला धाकट्या मेहुण्याला! हे मला कुठे ठाऊक? मेहुणा दवाखान्यात औषधं देतो. दोन मिनिटांत त्याचा फोन.

"भावजी, उलट्या कधीपासून?"

"अजून कुठे? आता करणार आहे."

"आई फोन का उचलत नाही?"

"कामात असतील रे! मीही आहे. ठेव!"

वीस मिनिटांत दारात मेहुणा आणि त्याच्या मागे बॅग घेतलेले डॉक्टर.

"आई कुठाय?"

"आत अडकल्यात!" मी घामाघूम होऊन म्हणालो. "अर्ध्या बाहेर आल्यात. ओढलं तर फाटतील!"

मेहुणा पांढराफटक पडला आणि आत धावला. प्रिंटरच्या तोंडातून कमरेपर्यंत बाहेर आलेली हिरवी आई बघून तो मटकन खाली बसला. आधी हसला, मग रडला, मग मला जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. डॉक्टरांनी मात्र फोटो नीट न्याहाळला. "तब्येत चांगली दिसतेय," एवढं म्हणून ते गेले.

राग ओसरल्यावर मेहुण्यानेच प्रिंटर उचलला आणि आम्ही दुकान गाठलं. बाईंनी चुकलेला मेसेज वाचला आणि एका नजरेत सगळं ओळखलं.

"स्क्रीनचा उजेड निम्मा करा. एवढ्या झगझगाटात काळा फोटोही गोरा दिसतो. गुलाबी शाईची वाट तुंबलीय, म्हणून हिरवं येतंय. आणि कागद उलटा घालू बिलू नका! चकचकीत बाजूच शाईकडे हवी. आधी चार बोटांचा तुकडा छापून बघायचा. अख्खे कागद कसले नासता?"

त्यांनी तुंबलेली वाट मोकळी केली, तुकडा छापला, रंग जुळवले. साडेतीनला सासूबाई बाहेर आल्या. गव्हाळ, हसऱ्या, जिवंत! गालावरची खळीसुद्धा आली होती.

"दहा मिनिटं हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. आम्ही दोघं हात मागे बांधून उभे राहिलो.

समारंभात सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. उद्यापासून करायचं काय, या चिंतेने त्या महिनाभर उतरलेल्या चेहऱ्याने वावरत होत्या. एकदम वळून म्हणाल्या, "जावईबापू, मलाही शिकवा ना हे! आता वेळच वेळ आहे."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? मी गुपचूप बाईंकडे शिकवणी लावली. दोघांची!

परवा बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना फार चटकन समजतं हो!"

माझ्याबद्दल काहीतरी म्हणतील म्हणून मी जरा वेळ थांबलो. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.