उदेभानच्या हातचा खून

"रक्ताले भ्यायले मी काही लेकरू नाही, सर! द्या तो खंजीर इकडे!"

उदेभान पटले नाटक-मंडळाच्या भर बैठकीत छातीवर थाप मारून असं म्हणाला आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

वास्तविक उदेभानला रक्ताची इतकी भीती, की दाढी करताना ब्लेड लागलं तर तो आधी खाटेवर आडवा व्हायचा आणि मग आरसा मागायचा! डास मारला तरी तळहाताकडे न बघता हात धुवायचा. एकदा धानकापणीत एका मजुराच्या बोटाला विळा लागला. उदेभान त्याला दवाखान्यात न्यायला निघाला, आणि शेवटी त्या मजुरानंच एका हातानं सायकल धरून उदेभानला दवाखान्यात पोचवलं. हे साऱ्या गावाला माहीत होतं. कुणालाच माहीत नाही असं फक्त उदेभानला वाटायचं.

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुपारी बाजार, पाळणे आणि दंडारीचा नाच, रात्री बाहेरून आणलेल्या कंपनीचं नाटक. चोरखमारा तलावाच्या नहरावरचं, म्हणजे कालव्यावरचं, हे गावही नाटकवेडं. पण रात्रीचा मंच कंपनीचा, म्हणून गावच्या मंडळाच्या वाट्याला दुपार यायची. यंदाचं नाटक बसवत होते इंद्रकुमार सर. कॉलेजात मराठी शिकवणारा हा माणूस एरवी गाईसारखा गरीब, पण शोकांतिकेचं नाव काढलं की त्यांच्या अंगात यायचं! धाकटा भाऊ थोरल्या राजाला झोपेत मारून गादी बळकावतो आणि मग त्याला जिथंतिथं रक्तच दिसू लागतं, अशी जुन्या वळणाची शोकांतिका त्यांनी स्वतः लिहिली होती. धाकटा भाऊ होता उदेभान.

"या नाटकात रक्त पुन्हा पुन्हा येतं," सर डोळे मोठे करून सांगायचे. "पहिल्या अंकात थेंब. दुसऱ्यात ओंजळ. तिसऱ्यात अख्खी नदी लाल! आणि रक्त म्हणजे नुसतं रक्त नाही, उदेभान. ते त्याच्या मनातलं पाप आहे!"

"सर, मंग ते मनातच ठेवता नाही येत का?"

"नाही! लोकांना दिसलं पाहिजे!"

आणि मरणारा राजा होता चुन्नीलाल. उदेभान आणि चुन्नीलालचं वावर लागून. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, पण दिवाळीच्या आधी नहराचं पाणी कुणाच्या वावरात आधी वळवायचं यावरून पानठेल्यासमोर जोरदार भांडण झालं होतं. "चुन्न्या, तुहं रक्त पिईन बे!" असं उदेभान वीस माणसांदेखत ओरडला होता, आणि घरी जाऊन तांब्याभर पाणी पिऊन झोपला होता. तेव्हापासून बोलणं बंद. सरांना मात्र याचा कोण आनंद! "तुमच्या डोळ्यांत वैर तयारच आहे. मला काही शिकवायलाच नको!"

मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी समाजमंदिरात रंगीत तालीम झाली. चुन्नीलाल घोळदार झगा घालून, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट चढवून दिवाणावर आडवा झाला. सामानाच्या पेटीत दोन खंजीर होते. कमरेला लटकवायचा लोखंडाचा आणि मारायचा लाकडाचा. दोन्हींना एकच चंदेरी रंग. उदेभाननं एक उचलला, दबकत दबकत पुढं आला आणि गरजला, "दादा, आता ही गादी माझी!"

आणि हाणला!

फच्च!

राजाच्या छातीतून लाल चिळकांडी उडाली. उदेभानच्या हातावर, मनगटावर, मिशीवर! कोमट, चिकट! नाटकात राजा मुकाट्यानं मरतो असं लिहिलं होतं. पण चुन्नीलाल ताडकन उठून बसला आणि छपराची कौलं हालतील असा ओरडला, "अगाऽ माय वोऽ! मेलो! खरंच मेलो वो!"

उदेभाननं आपल्या हाताकडं पाहिलं. हात लालभडक. खंजीर लालभडक. कोणता होता तो? लाकडाचा, का लोखंडाचा? खंजीर हातातून गळून पडला आणि त्याचा आवाज खण्ण झाला की टक्क, हेही त्याला कळलं नाही. कारण तोवर तो मागच्या दारानं बाहेर पडला होता, आणि जीव घेऊन पळत होता! अंगात सरदाराचा पोशाख, नाकाखाली चिकटवलेली मिशी, ती अर्धी सुटून वाऱ्यावर फडफडत होती.

पळत पळत तो नहरावरच्या पुलियाखाली शिरला आणि तिथंच मटकन बसला. उशिरा पिकणाऱ्या जड धानासाठी सोडलेलं शेवटचं पाणी नहरातून संथ वाहत होतं. त्यानं डोळे मिटून हात पाण्यात घातले आणि खसाखसा चोळले. एक डोळा किलकिला करून पाहिलं. लाल! चिखल लावून घासले. लाल! गवतानं खरवडले. नखांत लाल, रेषारेषांत लाल!

"तुहं रक्त पिईन म्हटलो होतो मी. वीस जनांनी आयकलं," तो स्वतःशीच पुटपुटला. आता पोलीस येतील, हातात बेड्या घालतील, गोंदियाच्या कोर्टात उभं करतील. आणि चुन्नीलाल? लहानपणी बोडीच्या तळ्यात मासे धरताना उदेभानचा पाय काचेवर पडला होता. तेव्हा याच चुन्नीलालनं त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं होतं. आणि सगळ्या वाटेनं एक हात मागं करून उदेभानच्या डोळ्यांवर ठेवला होता. "पायू नको बे, पायू नको!"

तेवढ्यात त्याला समोरच्या पाण्यात काहीतरी दिसलं.

वरच्या अंगानं एक लाल रेघ वाहत येत होती. मग दुसरी. मग लालच लाल! आणि त्या लाल पाण्यावर हेलकावे खात राजाचा झगा आला. त्याच्यामागं, गोल गोल फिरत, मुकुट!

तिसऱ्यात अख्खी नदी लाल!

"नहरात टाकून देल्ला!" उदेभानच्या अंगावर सर्रकन काटा आला. "सरनं मुडदाच टाकून देल्ला नहरात!" झग्यामागून आता कोण वाहत येईल ते पाहायची त्याची छाती झाली नाही. तो पुलियाखालून निघाला तो घराकडं सुटला.

पण वाटेत तरी सुख कुठलं? पानठेल्याच्या भिंतीवर पान-खर्ऱ्याच्या लाल पिचकाऱ्या. पिंपळाखाली शेंदूर फासलेला देव. अंगणाअंगणात वाळत घातलेल्या लाल मिरच्या. मंडईसाठी कुणीतरी लाल पताका लावून ठेवलेल्या. जिकडं पाहावं तिकडं चुन्नीलाल!

घरी बायको शामकला मसाला कुटत बसली होती.

"शामकला, मी चुन्नीलालले मारलो."

"तोंडानं का हातानं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"खंजिरानं!"

शामकलानं वर पाहिलं. ते हात पाहिले. मुसळ तिच्या हातातून सुटलं आणि थेट उदेभानच्या अंगठ्यावर पडलं, पण त्याला ते कळलंसुद्धा नाही.

"अवो माय! काय करून बसले तुमी!"

मग ती उठली, दार लावलं, आणि नवऱ्याला मोरीत बसवून घासायला लागली. साबण झाला, राख झाली, चिंच झाली. भांडी घासायचा काथ्या झाला. उदेभानची कातडी सोलून निघाली, रंग काही निघेना.

"जातच नाही वो!" ती रडकुंडीला आली. "हे कोन्तं रक्त होय?"

त्याच वेळी दारात मोटरसायकल थांबली. "उदेभान पटले का घर यही है क्या?"

शामकलानं फटीतून पाहिलं. खाकी! तिनं बोलायला तोंड उघडण्याआधी उदेभान धानाच्या ढोलीत शिरला होता. बांबूच्या त्या उंच ढोलीत कमरेइतकं धान होतं आणि वरून धुळीचा थर. शामकलानं दार उघडलं तसा हवालदार गजेंद्र आत आला, खाटेवर बसला आणि म्हणाला, "भाभीजी, भैया को बुलाओ जरा."

"ते घरी नाहीत. गोंदियाले गेले. नाही, तिरोड्याले गेले."

"आक्छीऽ!" ढोली शिंकली.

हवालदारानं ढोलीकडं पाहिलं. ढोली पुन्हा शिंकली. आणि तिच्यातून हळूहळू दोन लाल हात वर आले.

"साहेब, मी कबूल करतो! चुन्नीलालले मीच मारलो! माह्या बायकोचा काही दोष नाही!"

आता हवालदार गजेंद्र आला होता तो उद्याच्या लाउडस्पीकरच्या परवानगीवर सही घ्यायला. उदेभान मंडळाचा उपाध्यक्ष होता म्हणून. गजेंद्रची सगळी नोकरी मंडई, गणपती आणि निवडणुकीच्या बंदोबस्तात गेलेली. खरा खुनी त्यानं इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

"भाभीजी, पानी मिलेगा क्या?" दोन घोट घेऊन त्यानं खाट जरा मागं सरकवली. "और वो... मुडदा किधर है?"

"नहरातून वाहून गेला, साहेब!"

"हे भगवान!"

तेवढ्यात दार करकरलं. उंबऱ्यात एक आकृती उभी होती. कमरेला नुसता टॉवेल, अंगभर लाल ओघळ, तोंड कोहळ्यासारखं सुजलेलं, एक डोळा पार मिटलेला. आणि घोगरा आवाज आला, "उदेऽभाऽन..."

शामकला किंचाळली. "भूऽत!" हवालदार ओरडला आणि उदेभान ढोलीतून बाहेर पडण्याआधीच तो ढोलीत शिरायला धडपडू लागला. दोघं मध्येच अडकले! शेवटी ढोलीच आडवी झाली, आणि धानाच्या लोंढ्याबरोबर दोघं भुताच्या पायापाशी जाऊन पडले.

उदेभाननं डोळे घट्ट मिटून हात जोडले. "चुन्नीलाल, माफ कर गा! नहराचं पानी पहिले तूच घे! वावराचा धुरा घे! बैल घे! पन मले नेऊ नको!"

"बैल कायले घेऊ बे?" भूत वैतागून म्हणालं. "मलम आहे का घरी?"

उदेभाननं एक डोळा उघडला. "तू मेला नाहीस?"

"आगीत पडल्यावानी झालं, पन मेलो नाही!"

मग हळूहळू सारं बाहेर आलं. इंद्रकुमार सरांना उदेभानच्या चेहऱ्यावर खरी दचक हवी होती. म्हणून त्यांनी त्याला न सांगता राजाच्या झग्यात रक्ताची पिशवी बांधली होती. जंगलातल्या लाखेचं पक्कं लाल पाणी, आणि ते दाट व्हावं म्हणून त्यात गूळ! झगा सकाळपासून खुंटीला टांगलेला. गुळाच्या वासानं लाल मुंग्यांचं अख्खं वारूळ झग्यात राहायला आलं. चुन्नीलाल आडवा झाला तेव्हाच त्या चावायला लागल्या होत्या. पण राजा झोपलेला असतो, हालायचं नाही, अशी सरांची सक्त ताकीद. बिचारा दात खाऊन पडून राहिला. वरून लाकडी खंजीर बसला, पिशवी फुटली आणि मुंग्या खवळल्या! तो धावत सुटला तो थेट नहरात. झगा फेकला, मुकुट फेकला आणि गळ्याइतक्या पाण्यात बसून राहिला.

"निघालो तं तू गायब! म्हटलं, हा रक्त पायून कुठी पडला असन. तुलेच शोधून राहिलो कधीचा," चुन्नीलाल म्हणाला.

"मले वाटलं, तू मेला."

"मंग रडलास का नाही?"

यावर उदेभान खरोखरच रडायला लागला. असा हमसून हमसून, की धानात बसलेल्या हवालदारानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि हळूच सहीचा कागद पुढं सरकवला.

दुसऱ्या दिवशी मंडई भरली. दुपारी नाटकाला ही गर्दी! पडदा उघडला आणि पहिलाच घोटाळा झाला. लाखेचा रंग निघालाच नव्हता. खून व्हायला अजून अर्धा तास बाकी, आणि धाकट्या भावाचे हात मनगटापर्यंत लाल!

"अगा, हा आधीच कोनाले तरी मारून आला!" पहिल्या रांगेतली एक म्हातारी ओरडली.

मग तो प्रवेश आला. राजा झोपलेला. उदेभाननं खंजीर उगारला, आणि त्याचा हात तिथंच थांबला. त्यानं खंजीर दातानं चावून पाहिला. लाकडाचाच होता. तरी हात खाली येईना! विंगेतून सर हातवारे करत होते. राजानं सुजलेला डोळा किलकिला केला.

"मार ना बे," तो कुजबुजला.

"नाही जमून राहिलं गा!"

"अगा, मुंग्या नाहीत आज! मार!"

"लागन तुले!"

"मार रे बाबा एकदाचा!" म्हातारी पुन्हा ओरडली. "आमाले पाळण्यात बसाचं आहे!"

शेवटी राजाच उठून बसला. त्यानं धाकट्या भावाच्या हातातला खंजीर काढून घेतला, स्वतःच्या छातीला लावला, "तुह्याच्यानं काही होत नाही!" असं म्हणाला आणि मरून पडला. वर उदेभानला रक्त दिसू नये म्हणून कूससुद्धा बदलली!

मंडप हसून हसून लोळला. पुढं तिसऱ्या अंकात लाल लुगडं ताणून नदी दाखवली, राणीनं टाहो फोडला, तरी लोक डोळे पुसत हसतच होते. इंद्रकुमार सर विंगेत डोकं धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावचं मंडळ सरांच्या दारात हजर. "सर, तुमचं ते विनोदी नाटक आमच्या मंडईत पायजे!"

"ती शोकांतिका आहे हो!" सर कळवळून म्हणाले.

"असू द्या ना सर. पन हसवते झकास!"

नाटकाचं सामान परत करायला आलेले उदेभान आणि चुन्नीलाल तिथंच उभे होते; सरांनी उदेभानकडं पाहिलं.

"येतो ना सर," उदेभान म्हणाला. "पन या खेपेले मी राजा होतो. मारनं लय भेवाचं काम आहे. मरनाऱ्याचं काय, निस्तं पडून राहाचं!"

चुन्नीलाल अजून खाजवतच होता.