दोन तोट्यांची जीप

बंकटच्या पत्राला मी पाच महिने उत्तर दिलं नाही. कारण आळस नव्हे, जळफळाट. तुम्ही घरचेच म्हणून सांगतो.

बंकट माझा अंबाजोगाईच्या कॉलेजातला मित्र. तेव्हा मी वाचायचो आणि तो माझ्याकडून ऐकून परीक्षा द्यायचा. पुढे तो पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाला आणि मी सिरसाळ्याच्या शाळेत ग्रंथपाल. निवृत्तीनंतर त्यानं एक छोटी जीप घेतली, चारही चाकांनी ओढणारी. तिच्यात झोपायची फळी, स्टोव्ह आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी बसवली आणि थेट हिमालयातल्या स्पितीच्या खोऱ्यात जाऊन आला. ते खोरं त्याला पहिल्यांदा मी दाखवलं होतं, नकाशावर बोट ठेवून! पत्रासोबत गाडीचा फोटो होता. लिहिलं होतं, ‘जाऊन-येऊन चार हजार किलोमीटर झाले. पुढच्या खेपेला तू चल. गाडी मी चालवतो, तू नुसता बस.’

‘नुसता बस’ हे दोन शब्द मला चावले. जन्मभर बसलोच होतो. ठरवलं, उत्तर लिहायचं ते स्वतःच्या गाडीतून, स्पितीच्याही पुढच्या गावाहून. मी बेत आखला की पक्का आखतो. आजवर एकही पार पडलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

बंद पडलेल्या एका दूध संघाच्या लिलावात आखूड जीप मिळाली. दारावरचं नाव रंगवून झाकलं, पण ऊन पडलं की त्यातलं ‘सहकारी’ तेवढं वर यायचं. धर्मराज मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, ही मागच्याच चाकावर ओढती. चढाला दम टाकंल.” माझं लक्ष टाकीकडे होतं. बंकटची शंभर लिटरची, म्हणून माझी दोनशेची. त्याच्या फोटोत एक तोटी होती, म्हणून मला दोन हव्या होत्या.

“दोन कावून?”

“एक प्यायला, एक हात धुवायला.”

धर्मराज पान्हा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. त्या दुष्काळी साली आमच्याकडे हात धुणं ही श्रीमंती होती.

टपावर घडीचा पलंग बांधला, आत चाळीस पुस्तकांचं कपाट ठोकलं. आमच्या सौभाग्यवती तुळजाबाईंनी विचारलं, परत कधी येणार? मी म्हणालो, दीड महिन्यानं. त्यांनी एका वेळच्या भाकरी बांधून दिल्या. माझ्यावर त्यांचा विश्वास एवढाच.

तीन किलोमीटरवर, टेकडीवरच्या एका वस्तीखाली, इंजिन तापलं. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, बॉनेट उघडून वाट पाहावी. पाहिली. मागे वळतो तो गाडीमागे घागरींची रांग! दुष्काळात आमच्याकडे टाकीची गाडी थांबली की कुणी काही विचारत नाही, घागरी लागतात. वस्तीचा टँकर चार दिवस आला नव्हता, आणि दारावर ‘सहकारी’ उन्हात लखलखत होतं.

“सोडा तोटी, गुरुजी,” पहिली बाई म्हणाली.

मी स्पितीबद्दल सांगायला तोंड उघडलं. पण ज्यानं जन्मात कुणाकडे मुदत संपलेलं पुस्तकही नेटानं मागितलं नाही, तो काय सांगणार? दोन्ही तोट्या सोडल्या. तेरा घागरी भरल्या आणि टाकी संपली. चौदावी वच्छलाबाईंची. सत्तरीपुढचं वय, गुडघे गेलेले. त्या भांडल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यांनी घागर आडवी केली आणि शेजारी बसल्या.

“असू द्या. उद्या पयली माजी.”

आता सांगा, माणूस पुढे कसा जाईल?

दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली भरली, तर मागे वीस उरल्या. आठ किलोमीटरवर धर्मराजच्या मळ्यातल्या बोअरला पाणी होतं. तिथून दिवसाला आठ खेपा सुरू झाल्या. पंचायतीचे सुग्रीव आले आणि त्यांनी वरच्या आळीला एक तोटी, खालच्या आळीला दुसरी असा न्याय केला. मग ते टपावरचा पलंग उतरवून बाभळीखाली आडवे झाले. तुळजाबाई घडीच्या खुर्चीत बसून नंबर पुकारू लागल्या. कपाटात पुस्तकांच्या जागी कळश्या आल्या. बरोबर मावल्या.

वस्तीवर जाणारा चढ मात्र जीपला जमेना. तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा ती उलटी घरंगळत रांगेत येऊन उभी राहिली. बायकांनी हसत चाकामागे दगड लावले. वच्छलाबाई घागर घेऊन वर जाताना सात वेळा बसायच्या. एकदा ती मी नेली, नऊ वेळा बसलो.

तुळजाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “बंकटभाऊजींची गाडी भिताडावर बी चढती. फोटू हाय घरी. लिवा की त्येंना.”

मी ऐकू न आल्यासारखं केलं. महिनाभर केलं.

मग एका दुपारी वच्छलाबाई अर्ध्या चढावर थांबल्या आणि ओझं पेलेना म्हणून अर्धी घागर तिथल्या एका बाभळीच्या बुडाशी ओतली. मी बघतोय हे कळल्यावर ओशाळल्या. “वाया न्हाई गेलं, गुरुजी. झाडानं पेलं.”

मी गाडीतच बसून लिहिलं. ‘प्रिय बंकट, उशीर झाला, प्रवासात होतो. माझेही चार हजार किलोमीटर झाले. कुठे, ते आल्यावर दाखवतो. इथे एक चढ आहे, माझ्या गाडीला जमत नाही, तुझ्या गाडीला जमेल. लवकर ये. टाकी रिकामी आणलीस तरी चालेल. गाडी तू चालव, मी नुसता बसतो.’

पत्र पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज झाला आणि डोळ्यांपुढे आलं, काळा चष्मा लावलेला बंकट वच्छलाबाईंच्या थेट दारात उतरतोय आणि अख्खी वस्ती म्हणतेय, गाडी असावी तर अशी.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि पेटीत हात घातला. मनगटाच्या पुढे गेला नाही.