दुर्मिळ मोटार माफक किमतीत विकणे आहे

वस्तू विकायला काढणाऱ्याला ती विकायची असते, असा एक गैरसमज समाजात खोलवर रुजलेला आहे. आमच्या यजमानांनी गेली अकरा वर्षे तो दूर करण्याचे कार्य विनामोबदला चालवले आहे.

मोटार लहान, गोल, फिकट हिरवी असून तिला दरवाजा एकच, तोही तोंडाला आहे. कंपनीने अशा तीनशे गाड्या काढल्या आणि मग कंपनी बंद पडली. (या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, असे यजमान कळवतात.) रिव्हर्स गिअर नाही, मागे घ्यायची झाल्यास उतरून उचलावी लागते. परवडणारी म्हणाल तर किंमत दरवर्षी कमी होते. अटी तेवढ्या वाढतात.

गाडी घराच्या पुढच्या खोलीत असते. खोली थेट रस्त्यावर उघडते, उजेड भरपूर. शिवणकामाच्या दुकानाला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. शिवणकाम माझे. मशीन तूर्त स्वयंपाकघरात, शेगडीला खेटून आहे. मागच्या आठवड्यात एका वकीलबाईंचा कोट परत आला. शिलाई उत्तम, पण कोर्टात कांद्याचा वास येतो, अशी तक्रार होती.

ग्राहक निवडण्याची पद्धत ठरलेली आहे. आलेल्या माणसाला प्रथम गाडीसमोर गप्प उभे केले जाते. मग कंपनीचा इतिहास (पाऊण तास), मग चहा. "एव्हरेज किती देते?" असे विचारणारा तिथेच बाद. आजवर दोनशे चौदा जण येऊन गेले. पैकी नऊ जणांनी किंमत विचारली, त्यातल्या सात जणांनी चुकून. चहा मात्र सगळ्यांना आवडला.

गेल्या महिन्यात एक दातांचे डॉक्टर आले. काही न विचारता म्हणाले, "घेतली. उद्या टेम्पो पाठवतो." मी लगेच आत जाऊन टेप शोधली, खोलीचे माप घ्यावे म्हणून. बाहेर येते तो डॉक्टर बूट घालत होते.

ते गेल्यावर मी विचारले, "काय झालं हो?"

"त्यानं नीट बघितलंसुद्धा नाही," हे म्हणाले. "न बघता हो म्हणणाऱ्याच्या घरी कशी द्यायची?"

"मला तरी तुम्ही किती बघितलं होतंत? दहा मिनिटं. त्यातली पाच बशीकडे."

यावर ते गाडी पुसायला गेले. मला रडू आले. ते मी कांद्यावर ढकलले.

म्हणून यंदाची जाहिरात मी लिहिते आहे. येत्या रविवारी दहा ते एक हे भावाकडे असतील. चावी बटणांच्या डब्यात आहे. इतिहास सांगितला जाणार नाही. यावे, गाडी न्यावी.

तरीही अकरा वर्षांचा अनुभव लपवण्यात अर्थ नाही. घेणारा माणूस पहिल्या दोन ओळी वाचून फोन उचलतो. आपण इथपर्यंत वाचत आलात, आणि तो तोंडाचा दरवाजा नेमका कसा उघडतो, हे एकदा पाहावे असेही मनात येऊन गेले असेल. तेव्हा साखर किती, ते आधी कळवावे. आणि चांगला कोट घालून येऊ नये. बसायची सोय स्वयंपाकघरातच आहे.