पुंजारामांची डबल बेल

"अण्णा, जायचं का?" असं मंजुषाने फोनवर विचारलं आणि पुंजाराम दापके "व्हय" म्हणाले. पुढचा सगळा घोळ त्या एका 'व्हय'मुळे झाला.

मंजुषा ही त्यांची लेक, वाळूजच्या एका कंपनीत नोकरीला. कंपनीच्या सोडतीत तिला बक्षीस लागलं होतं: शहराबाहेरच्या ट्रॅकवर एका दिवसात तीन सुपरकार चालवायच्या, प्रत्येकीच्या तीन फेऱ्या. मंजुषाला साधी गाडी मागे घेतानाही घाम फुटतो, म्हणून तिने पास वडिलांच्या नावावर केला. वडील म्हणजे एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर, तेही बहुतेक सगळी कन्नड मार्गावर, वर विनाअपघात सेवेचा बिल्ला. आता निवृत्त होऊन बजाजनगरात दोन खोल्यांत बसून होते. पण ते लगेच हो म्हणाले त्यामागे सुपरकारची हौस नव्हती. कारण वेगळं होतं, आणि ते स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलं होतं.

केसरबाईंचं माहेर कन्नडजवळचं. नवरा त्याच रस्त्यावर गाडी चालवत असताना, एसटीचा फुकट पास पिशवीत असताना, ही बाई माहेराहून पदरचे पैसे मोजून काळ्या-पिवळ्या जीपने परत यायची. वेरूळच्या अलीकडे कुठेतरी ती जीप पुंजारामांच्या एसटीला मागे टाकायची. जीपमधून हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर येऊन हलायचा. मग कंडक्टर कडुबा अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "ड्रायव्हरसाहेब, वहिनी पुढं गेल्या बरं का!"

हे एकदा-दोनदा नाही, सत्तावीस वर्षं चाललं.

पुंजारामांचं उत्तर ठरलेलं असायचं. "गाडीला स्पीडचं लॉक हाय. लॉक नसतं तर दाखवलं असतं."

"लॉक गाडीला नाय," केसरबाई म्हणायच्या, "तुम्हालाच हाय."

आता बिनालॉकच्या तीन गाड्या समोरून चालून आल्या होत्या. पुंजारामांची इच्छा एवढीच होती की केसरबाईंना गाडीत बसवावं आणि त्यांच्या तोंडून जन्मात एकदा तरी "आवो, हळू!" ऐकावं. (बाकीचे नवरे हे ऐकून ऐकून विटलेले असतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण ज्याला कधी मिळालंच नाही त्याने काय करावं?)

रविवारी सकाळी दोघं स्कूटरवर ट्रॅकवर पोचले. पुंजारामांनी इस्त्रीच्या शर्टाला बिल्ला लावला होता. शिकवायला आकाश नावाचा तरणाबांड गडी होता, अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच लाल कपडा.

पहिली गाडी लाल, रुंद आणि फारच बुटकी. केसरबाई पाहुण्यांच्या मांडवाखालून म्हणाल्या, "हिच्यापरीस आपला पाट उंच हाय."

पुंजारामांनी सवयीने गाडीला एक चक्कर मारली आणि चारही टायरांना एकेक लाथ घालून हवा पाहिली. चौथ्या लाथेला आकाशने डोळे मिटून घेतले. मग पुंजाराम आत बसू लागले. जन्मभर ते गाडीत चढत आले होते, या गाडीत उतरावं लागलं. स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला. इंजिन सुरू झालं.

"चलो अंकल," शेजारी बसलेला आकाश म्हणाला.

पुंजाराम बसून राहिले.

"अंकल, चलो ना. ट्रॅक खाली आहे."

"चाललो असतो," पुंजाराम अदबीने म्हणाले. "पण बेल नाय झाली."

"कौनसी बेल?"

"डबल बेल. एक बेल झाली की थांबायचं, दोन झाल्या की निघायचं. बेल झाल्याबिगर गाडी हलवायची नाय. त्याच्यावरच हा बिल्ला भेटला."

आकाशने बिल्ल्याकडे पाहिलं, मागे ताटकळलेल्या गाड्यांकडे पाहिलं, आणि तोंडानेच म्हणाला, "टिंग टिंग."

गाडी सुटली. (सुटली म्हणजे चालू लागली.) पहिलं वळण छान गेलं. दुसऱ्या वळणावर आकाशचा पट्टा सैल झाला आणि गाडीतूनच आवाज आला, "टिंग."

पुंजारामांनी सिग्नल देऊन गाडी अलगद डावीकडे घेतली आणि उभी केली.

"काय झालं? काहून थांबले?"

"बेल झाली. कुणाला तरी उतरायचं असंल."

"अंकल, दोन सीटची गाडी आहे!"

"मंग तूच उतरणार असशील," पुंजाराम म्हणाले.

पहिल्या गाडीच्या तीन फेऱ्यांत त्यांनी सात थांबे घेतले. दुसरी गाडी पिवळी होती. तोवर ही गंमत सगळ्या मांडवाला कळली होती, आणि पुंजाराम बसल्याबरोबर पाहुण्यांनी एका सुरात "टिंग टिंग" केलं. केसरबाईंचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता. त्या गाडीचा सर्वाधिक वेग अठ्ठावन्न भरला.

तिसरी गाडी चार सीटांची होती, आणि खरी परीक्षा तीच. केसरबाई मागे बसल्या. पदर खोचला, पट्टा लावला.

"अंकल, याला काही लॉक नाही," आकाश म्हणाला. "दबाओ!"

पुंजारामांनी दाबलं. चाळीस, पन्नास, साठ. बासष्टला काटा थांबला. डोक्याने पायाला हुकूम दिला, पण पाय ऐकेना. त्या पायाला अजून मागे चोपन्न माणसं दिसत होती, कुणी वरच्या दांडीला धरून उभं होतं, कुणाच्या मांडीवर लेकरू झोपलं होतं. एकतीस वर्षांची ती माणसं बासष्टवर अशी उतरून कशी जातील? लॉक गाडीला कधीच नव्हतं, हे पुंजारामांना त्या सरळ रस्त्यावर कळलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

तरी आशा सुटेना. निदान बासष्टला तरी बाई घाबरली असेल म्हणून त्यांनी आरशात पाहिलं.

केसरबाई तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या.

फेऱ्या संपल्या. शेवटी शिकवणाऱ्याने स्वतः एक फेरी मारून दाखवायची पद्धत होती. पुंजाराम शेजारच्या सीटवर आले, केसरबाई मागे तशाच झोपलेल्या. आकाशने ॲक्सिलरेटर दाबला. शंभर. एकशे चाळीस. एकशे ऐंशी. पुंजारामांची पाठ सीटला चिकटली आणि डोळ्यांसमोरचा रस्ता दिसेनासा झाला. गाडी थांबवायचा त्यांना एकच मार्ग माहीत होता.

"टिंग!" ते किंचाळले. आणि गाडी थांबेना म्हणून पुन्हा, "टिंग!"

सकाळपासून तयार झालेल्या आकाशने डबल बेल झाली म्हणून गाडी दोनशेवर नेली.

"हळू!" पुंजारामांनी टाहो फोडला. "आरं हळू! माझं माणूस बसलंय मागं!"

त्या ओरडण्याने केसरबाई जाग्या झाल्या.

परत निघताना पुंजाराम मान खाली घालून स्कूटरकडे चालू लागले. जो शब्द ऐकायला ते आले होते तो त्यांनी स्वतःच म्हटला होता, आणि गाडीतल्या कॅमेऱ्याने तो टिपून मंजुषाच्या फोनवर पाठवलाही होता. केसरबाईंना त्यांच्या मनातलं कळलं. स्कूटरपाशी त्या थांबल्या.

"एक सांगू? जीपमधी माझा कधी डोळा लागला नाय. अख्खा रस्ता जीव मुठीत. आज तुमच्या मागं बसले अन् झोपच लागली. तुम्ही ड्युटीवर असताना बी मला कधी घोर नव्हता. गडी येईल, हळू येईल, पण धड येईल, हे ठावं होतं."

पुंजारामांच्या डोळ्यांत पाणी आलं. सत्तावीस वर्षांचा सल एका वाक्यात निघाला.

"मंग जीपनं काहून यायचीस?"

"लवकर पोचायला," केसरबाई म्हणाल्या.

स्कूटर निघाली. थोडं अंतर गेलं आणि मागून आवाज आला, "आवो, हळू!"

पुंजारामांचा कानांवर विश्वास बसेना. काटा तीसवर होता. "काय म्हणलीस? परत म्हण."

"हळू म्हणलं. मेथीवाला मागं राहिला."

त्यांनी सिग्नल देऊन गाडी डावीकडे उभी केली. मेथी घेतली. केसरबाई मागे बसल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर बोटाने दोनदा टकटक केलं. स्कूटर ताबडतोब सुटली. त्या दोन टकटकींनी पुंजारामांना इतकं बरं वाटलं की ते स्वतःशीच हसले.

एवढ्यात एक काळी-पिवळी जीप हॉर्न वाजवत त्यांना मागे टाकून गेली. केसरबाईंचा हात जुन्या सवयीने वर गेला आणि हलला. पुढे जाऊन जीप कचकन थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"मावशी, येता का?"

नाही म्हणायला केसरबाईंनी जरा वेळच घेतला.