हेत्ताचा धावण्याचा सराव

"सहा आठवडे द्या मला. सहाच! तिसरा टप्पा मीच धावणार!" हेत्ताने जेवणाच्या टेबलावर हात आपटून जाहीर केलं. बशीतला बटाटा उडाला आणि मांडीवरच्या सात महिन्यांच्या ओइवाने किंचाळून दाद दिली.

तुओमिला गावात दर ऑगस्टला तळ्याभोवती घराण्याघराण्यांची रिले शर्यत असते. प्रत्येक घरचे चार जण, चार टप्पे. तिसरा टप्पा दीड किलोमीटरचा आणि सगळा चढाचा. लग्न होऊन आल्यापासून तो हेत्ताचा. गेल्या वर्षी ओइवा पोटात होता म्हणून तिच्याऐवजी नणंद काइसू धावली, आणि तेव्हापासून काइसूची नजर त्या चढावर होती. ही काइसू बिटाचा रस पिते, पहाटे गार तळ्यात पोहते, आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगते.

"वहिनी, कशाला गं जिवाला त्रास?" काइसू गोड आवाजात म्हणाली. "तू आपली निवांत बाळाला पाज. चढ कुठे पळून जातोय?"

"चढ नाही पळत, मी पळते!"

सासरे एस्को संघाचे कप्तान. त्यांनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं आणि वही काढली. "रोज सराव केलास तर टप्पा तुझा. एक दिवस जरी चुकलीस तर काइसूचा. मी लिहून ठेवणार."

आता चढ म्हणजे काही सोनं नव्हे. पण गेले सात महिने हेत्ताचं दूध ओइवाचं होतं, मांडी ओइवाची होती, रात्र तर संपूर्ण ओइवाची होती. तो चढ तेवढा तिचा स्वतःचा उरला होता.

बेत सोपा होता. गावातल्या सगळ्या बाळांसारखा ओइवाही दुपारी अंगणात, सफरचंदाच्या झाडाखाली बाबागाडीत झोपे. गाडीत बेबी मॉनिटरचा एक डबा, दुसरा सासूबाईंच्या स्वयंपाकघरात खिडकीवर. ओइवाची झोप चाळीस मिनिटांची. तेवढ्यात तळ्याला एक फेरी!

पहिल्या दिवशी हेत्ता फाटकातून बाणासारखी सुटली. तळ्याकाठच्या सॉनापर्यंत, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीघरापर्यंत, दोनशे पावलं ती बाणच होती. तिथे पायांचं शिसं झालं. बुटाची नाडीही सुटली होती, म्हणून ती सॉनाच्या कपडे बदलायच्या खोलीत बाकावर टेकली. नाडी बांधायला वाकली ती तशीच आडवी झाली. डोळे उघडले तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती!

घाबरून तिने तळ्याचं पाणी तोंडावर मारलं आणि धापा टाकत अंगणात शिरली.

"बाई बाई, गालांवर काय रंग चढलाय!" सासूबाई रौनी कौतुकाने म्हणाल्या. "डोळ्यांखालचं काळंसुद्धा कमी दिसतंय! धावणं मानवलं हो तुला!"

"किती झालं?" एस्कोंची पेन्सिल तयार होती.

"तळ्याची... एक फेरी," हेत्ता पुटपुटली. उद्या खरंच धावू, म्हणजे हिशेब फिटेल, असं तिने मनाला बजावलं. दुसऱ्या दिवशीही नाडी सुटली. तिसऱ्या दिवशी ती जॅकेटखाली उशी लपवून निघाली.

तीन आठवडे हा सराव एक दिवसही चुकला नाही. एस्को दुकानात, पोस्टात, चर्चच्या पायरीवर सांगत सुटले, "आमची सून! तळ्याला फेरी मारून येते ती फुलासारखी टवटवीत!" काइसूने बिटाचा रस दुप्पट केला.

मग एका दुपारी ऊन फार तापलं. रौनीबाईंनी झोपलेल्या नातवाची गाडी सफरचंदाखालून काढली आणि सॉनाच्या गार ओसरीवर नेऊन ठेवली. आतल्या खोलीचं दार बंद होतं. त्या परत येऊन पाव मळायला लागल्या. इतक्यात खिडकीवरचा डबा गरजला.

घर्रर्र... फूऽऽ... घर्रर्र!

"अहो! अहो एस्को! बाळ घोरतंय!"

एस्कोंनी डब्याला कान लावला. हळूहळू त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हे बाळाचं घोरणं नव्हे, रौनी. असल्या आवाजाला दोनशे किलोचं धूड लागतं."

"म्हणजे?"

"अस्वल!"

पिठाच्या हातांनी रौनीबाई अशा धावल्या की शर्यतीचे चारही टप्पे त्यांनाच द्यावेत! गाडी तिथेच टाकून त्यांनी नातवाला उचललं, जाता जाता घोरणं येत होतं त्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि घरात येऊन मगच किंकाळी फोडली.

दहा मिनिटांत गावच्या शिकारी मंडळाचे म्होरके ताइस्तोकाका चार माणसं आणि मुस्ती नावाचा कुत्रा घेऊन हजर झाले. अस्वल झोपलेलं आहे म्हटल्यावर आधी सगळ्यांनी कॉफी घेतली. डबा मध्ये ठेवून मंडळी गंभीरपणे घोरणं ऐकत बसली.

"वय झालेलं दिसतंय," एकजण म्हणाला.

"नाकात काहीतरी अडकलंय," दुसरा म्हणाला.

तेवढ्यात हेत्ताचा नवरा लाउरी लाकडाच्या कारखान्यातून जेवायला आला. त्याने दोन श्वास ऐकले आणि त्याचा हात टोपी काढता काढता थांबला.

"हा आवाज तर..."

"ओळखतोस?" ताइस्तोकाकांनी विचारलं.

"मी? नाही बुवा! म्हणजे... रात्री... जंगलात वगैरे ऐकला असेल." आणि तो तडक सॉनाच्या दिशेने चालू लागला. मंडळी बंदुका घेऊन मागोमाग. दारापासून वीस पावलांवर उभं राहून तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "काका! आत अस्वल आहे ना? दाराला कडी आहे ना? आणि माझी बायको अजून पळून आली नाही ना? ती आता तळ्याच्या वाटेनेच येईल ना?"

"अरे हळू! ते जागं होईल!"

ते जागं झालं. हेत्ताने फटीतून सहा माणसं, चार बंदुका आणि एक कुत्रा पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. उशी तिने सरपणामागे कोंबली आणि तळ्याकडच्या छोट्या खिडकीत डोकं घातलं. डोकं गेलं, खांदे गेले, कंबर मात्र मध्येच थबकली. बाळंतपणाआधी याच खिडकीतून ती दोनदा गेली असती! तिने श्वास सोडला, पाय झाडले आणि धप्पकन खाजऱ्या पाल्याच्या जाळीत पडली.

"पळालं! अस्वल पळालं!" आवाज ऐकून दारापुढची मंडळी ओरडली.

मुस्ती सुटला. हेत्ताही सुटली. मागे भुंकणं, पुढे चढ, अंगभर खाज, पाजायची वेळ टळून गेल्यामुळे दगडासारखी झालेली छाती! आता पाय शिसाचे होतील, असं तिला प्रत्येक वळणावर वाटत होतं. पण नवल असं की ते झालेच नाहीत. तीन आठवड्यांच्या झोपेने कुठूनसं बळ आणून ठेवलं होतं. चढ संपला, उतार संपला, तळ्याला अख्खी फेरी झाली आणि ती रस्त्याच्या बाजूने अंगणात येऊन कोसळली. मुस्तीने तिच्या पायाशी लोळण घेतली.

"बिनकामाचं कुत्रं!" ताइस्तोकाका चिडले. "अस्वलाचा माग सोडून सुनेच्या मागे लागलं!"

एस्कोंनी काळजीने सुनेकडे पाहिलं. "आज एवढी का गं दमलीस? रोज तर किती ताजीतवानी येतेस!"

ताइस्तोकाका तोवर सॉना तपासून आले होते. बाकावरचा टॉवेल त्यांनी दोन बोटांत धरला, हुंगला आणि जाहीर केलं, "बाक अजून गरम आहे. टॉवेलवर दूध आहे. मादी आहे, पिल्लू अंगावर पितंय."

हेत्ता बिटासारखी लाल झाली. लाउरीने तोंडात अख्खा पाव कोंबला.

"पिलाच्या आईला धक्का लावायचा नाही!" काका म्हणाले. "थकलेली असते बिचारी. रात्रंदिवस पिलाच्या मागे! चार घटका निवांत झोपायला आली असेल. सगळ्यांनी लांब राहायचं."

"खरंच हो," रौनीबाईंनी डोळे पुसले. "आईच्या जिवाला झोप किती लागते, ते कुणाच्या ध्यानातच येत नाही!"

सॉनाच्या दारावर पाटी लागली: 'आत पिलाची आई झोपते. आवाज करू नये.' दर शनिवारी तापणारा सॉना त्या शनिवारी एस्कोंच्या घराण्यात आठवणीत पहिल्यांदाच तापला नाही.

वहीत एस्कोंनी तिसरा टप्पा हेत्ताच्या नावावर पक्का केला. पेन्सिल खिशात ठेवता ठेवता ते म्हणाले, "पण आता जंगलात तू एकटी नाही धावायचंस हं. उद्यापासून मी मागे सायकलवर!"

आणि तेव्हापासून रोज दुपारी हेत्ता खरोखरच तळ्याला फेरी मारते. मागे सासऱ्यांच्या सायकलची घंटा, "पाय उचल! दम धर! शाब्बास!" असा गजर. फक्त सॉना जवळ आला की घंटा थांबते. एस्को ओठांवर बोट ठेवून कुजबुजतात, "शूऽऽ! हळू धाव गं जरा. ती झोपली असेल."

आणि घामाने निथळणारी हेत्ता जांभई दाबत चवड्यांवर धावते.