आजीचे काळीज, सिमेंटमध्ये

सोन्यावाचून माणसाचे काही अडत नाही. अडते ते शेजारणीच्या सोन्यामुळे. हे सत्य पोर्तुगालमधल्या आमच्या विलार दो मोइन्यो गावाने फार पूर्वी ओळखले आणि त्यावर एक जत्राच बसवली. दर ऑगस्टमध्ये गावातल्या बायका घरातले सगळे सोने छातीवर चढवून मारियामातेच्या मिरवणुकीत चालतात. सगळे म्हणजे सगळे: आईचे, आजीचे, सासूचे, आणि तरी कमी पडले तर नणंदेकडून मागून आणलेले. खालचे कापड दिसता कामा नये, असा दंडक आहे. हेतू अर्थातच भक्तीचा. (कोणाची भक्ती किती भरते, ते चर्चच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायका नजरेनेच तोलतात.) मी या मिरवणूक समितीचा चिटणीस आहे. माझ्या बोलण्याला कुठे कागदाचा वास आला, तर तो त्या पदाचा समजावा.

आता माझी भाची तेल्मा. तिच्या कलेविषयी मला नितांत आदर आहे आणि तो मी कला न कळताच बाळगतो. कळल्यावर आदर करणे काय, कोणालाही जमते. तेल्मा समकालीन दागिने करते. जुना सोनार आधी दागिना घडवी आणि मग गिऱ्हाईक शोधी. समकालीन पद्धतीत आधी प्रेरणा लागते, मग प्रेरणेचे निवेदन, मग फोटो, आणि यातून वेळ उरलाच तर दागिना. पोर्तो शहरात राहून ती हे सगळे शिकली आणि परत येऊन घरामागच्या डुकरांच्या खुराड्यात तिने कार्यशाळा थाटली. (डुकरे गेली. वास आहे.)

तिथे तिने सार्डिन माशांच्या गंजलेल्या डब्याची पिन केली, कुठल्याच बोटात न जाणारी अंगठी केली, आणि मासेमारीच्या जाळ्याचा एक हार केला, जो घातल्यावर जेवता येत नाही. हे दागिने फोटोत नेहमी एका उघड्या, हाडकुळ्या पुरुषाच्या छातीवर दिसतात. तो नुकताच कोणाला तरी पुरून आल्यासारखा बघत असतो. माझी बहीण एर्मेलिंदा, म्हणजे तेल्माची आई, हे फोटो बघून एकदाच बोलली. याला घरी कोणी जेवायला घालतं की नाही, असे तिने विचारले.

प्रेरणेच्या बाबतीत मी थोडा अभ्यास केला आहे. तेल्माच्या एका प्रदर्शनाची पुस्तिका मी बारकाईने वाचली. बावीस कलाकारांपैकी एकोणीस जणांची प्रेरणा आजी होती. उरलेल्या तिघांची समुद्र. (त्यांच्या आज्या हयात असाव्यात.)

तेल्माच्या आजीचे, म्हणजे आमच्या आईचे, एक सोन्याचे काळीज होते. काळीज म्हणजे तारकामाचे, हृदयाच्या आकाराचे, तळहाताएवढे पदक. ज्या घरात ते नाही त्याला आमच्याकडे घर म्हणत नाहीत, पत्ता म्हणतात. आईमागे ते एर्मेलिंदाकडे आले आणि गेल्या वर्षी जत्रेच्या तोंडावर त्याची कडी तुटली. समोरच्या घरातली ग्रासिएते तेव्हा एर्मेलिंदाच्या स्वयंपाकघरात मक्याची भाकरी खात बसली होती. या बाईच्या छातीवर दोन काळजे असतात आणि ती देवाने मुद्दाम हिशेब करून दिली आहेत, अशी तिची समजूत आहे. ती म्हणाली, घरात एवढी शिकलेली सोनारीण असताना काळजी कसली, दे की तिला. एर्मेलिंदा म्हणाली, नको, शहरात दुरुस्तीला टाकीन. ग्रासिएतेने एक भुवई वर केली. आमच्या गावात या भुवईने लग्ने मोडली आहेत. एर्मेलिंदाने मुकाट्याने काळीज काढून लेकीच्या हातात दिले.

तेल्माने ते तळहातावर घेतले, किंचित वरखाली केले आणि खिशात टाकले.

आठवड्याभरात तिची नवी कलाकृती तयार झाली. अर्ध्या विटेएवढा सिमेंटचा ठोकळा, वर एक कडी. नाव होते ‘आजी, आतून’. निवेदनात लिहिले होते की दिसणे ही सोन्याची कैद आहे आणि सिमेंट ही त्याची सुटका. काळीज ठोकळ्याच्या आत आहे, ही किरकोळ माहिती शेवटच्या ओळीत होती.

एर्मेलिंदा नवऱ्याची हातोडी घेऊन निघाली. तिच्यामागे ग्रासिएते निघाली आणि ग्रासिएतेच्या मागे मी, समितीच्या वतीने.

“कुठंय ते?” एर्मेलिंदा खुराड्याच्या दारातून म्हणाली. “माझ्या आईला एकदा पुरलंय आम्ही. परत पुरायची काय गरज होती?”

तेल्माने ठोकळा उचलून ऐरणीवर ठेवला आणि बाजूला झाली. “हे घे, फोड. तुझंच आहे,” ती म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, “पण आई, मी हातात धरलंय ते.”

वर गेलेली हातोडी वरच राहिली.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. काही वर्षांपूर्वी कामे बंद पडली होती, मेहुणा घरी बसला होता आणि शहरात प्रत्येक कोपऱ्यावर सोने विकत घेणाऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या. त्या दिवसांत एर्मेलिंदा एकदा दाताच्या डॉक्टरकडे म्हणून गेली. दात होते तेवढेच घेऊन आली. आईचे काळीज मात्र आले नाही. आला तो जत्रेतल्या दुकानातला मुलामा दिलेला त्याचा भाऊ. तेव्हापासून दर ऑगस्टमध्ये माझी बहीण तो छातीवर मिरवत होती आणि पायऱ्यांवरच्या बायकांसमोरून जाताना मेल्याहून मेल्यासारखी होत होती. मला तिची कणव आली. मला सांगितले नाही म्हणून रागही आला.

ग्रासिएते पुढे सरकली. “तुला जमायचं नाही बाई,” ती म्हणाली. “आण इकडं, मी फोडते.”

एर्मेलिंदाने हातोडी पाठीमागे धरली.

“हात लावून तर बघ,” ती म्हणाली. “माझ्या लेकीची कला आहे ती. तुला नाही कळायची.”

लेकीच्या कामाला तिने कला म्हणण्याची ही पहिलीच वेळ. तेल्मा खाली वाकून कानस शोधू लागली. कानस तिच्या हातातच होती.

मग प्रश्न समितीपुढे आला: सिमेंटमधील सोने मिरवणुकीच्या प्रयोजनार्थ सोने समजावे किंवा कसे? मी मोठ्या वादाची तयारी ठेवली होती. पाद्रीबाबा म्हणाले, आमचा तर सगळा व्यवहारच न दिसणाऱ्यावर चालतो. ठराव असा झाला: ‘न दिसणारे सोने हे दिसणाऱ्या सोन्याइतकेच, किंबहुना कांकणभर अधिक, श्रद्धेचा विषय आहे, सबब ते ग्राह्य धरण्यात यावे. ते फोडून पाहण्याचा आग्रह धरणे हा भक्तीचा भंग समजण्यात येईल.’ कॉफी येण्याआधीच तो एकमताने मंजूर झाला. इतके एकमत आमच्याकडे जत्रेचा बँड ठरवतानाही कधी झाले नव्हते. सदस्य घाईघाईने घरी गेले, बहुधा बायकोला सांगायला.

मिरवणुकीत एर्मेलिंदा छातीवर अर्धी वीट घेऊन ताठ चालली. दोरी मानेत रुतत होती. कोणी विचारले की ती आईची गोष्ट सांगे, तिने जवसाच्या धाग्याचे कापड विणून विणून ते काळीज कसे घेतले त्याची. बायका सिमेंटला हात लावून क्रूसाची खूण करत होत्या. ग्रासिएतेच्या दोन काळजांबद्दल कोणी काही विचारले नाही, कारण ती दिसत होती.

सप्टेंबरात ग्रासिएते मागच्या दाराने खुराड्यात आली. मी तिथे जाळ्याच्या हारात पाय अडकून बसलो होतो, म्हणून पाहिले. तिने फडक्यातून दोन्ही काळजे काढली. कडी तुटल्याचे सांगितले.

“दोन्हींची?” तेल्माने विचारले.

“दोन्हींची.”

तेल्माने ती तळहातावर घेतली, किंचित वरखाली केली.

“उद्या या, मावशी,” ती म्हणाली. “सिमेंट कालवून ठेवते.”

यंदाच्या मिरवणुकीत चाळीस बायकांपैकी एकतीस जणी सिमेंटमध्ये होत्या. औषधवाल्याकडचे मानेचे मलम संपले. पोर्तोहून अभ्यासक आले, त्यांनी ठोकळ्यांचे फोटो काढले आणि तेल्माला प्रेरणा विचारली. ती म्हणाली, आजी. त्यांनी लिहून घेतले. खरी प्रेरणा तिला आयुष्यात एकदाच झाली, हलके काळीज तळहातावर असताना, आणि ती तिने कुठल्या निवेदनात घातली नाही. या पोरीचा मला फार अभिमान वाटतो. माझ्या घड्याळाची सोन्याची साखळीही मी तिच्याकडे सिमेंटसाठी दिली आहे. कडी तुटली होती.

आपण आमच्या गावाला हसत असाल तर खुशाल हसा. आपल्या मुलखात या कामी सिमेंट लागत नाही, असे ऐकतो. लग्नात गळ्यातल्या हाराकडे कोणी जरा जास्त वेळ पाहिले, की आपण आपणहून सांगता, हे आपले वापरायचे, खरे सगळे बँकेच्या लॉकरमध्ये आहे. असेलच. आम्ही कुठे हातोडी घेऊन आलोय.