रुख्मिणीबाई निरोगी असल्याबाबत

सन १९७८ च्या हिवाळ्यात आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावर राहणाऱ्या रुख्मिणीबाई राठोड यांना कोणताही आजार नव्हता. प्रकरणाची सुरुवात इथूनच झाली.

त्यांचा एकुलता एक मुलगा हरिचंद बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. आखातातल्या एका कंपनीने त्याला वाळवंटात डांबरी सडका करायला बोलावले होते. तिकडे डांबर मुबलक आणि पाऊस नाही, इकडे पाऊस बेभरवशाचा आणि डांबर त्याहून बेभरवशाचे, तेव्हा शहाण्या माणसाने जावे यात नवल नाही. कंपनी घर देणार होती, आई आणि बायकोला आणायची मुभाही देणार होती. अट एकच होती. निघण्यापूर्वी दोघींचा आरोग्य विमा इकडेच उतरवलेला असावा. हरिचंदला वडील नव्हते. आईला एकटी टाकून मी जाणार नाही, असे तो तांड्याच्या नायकासमोर बोलून बसला होता. म्हणजे आईचा विमा झाला तर परदेश, नाही तर बाळापूर रस्त्यावरचे तेच ओळखीचे खड्डे.

हिंगोलीत सर्वमंगल विमा मंडळाची कचेरी होती आणि तिथे वाकोडीकर नावाचे अधिकारी होते. ‘परदेशगमन कुटुंब आरोग्य विमा योजना’ वरून येऊन त्यांच्या भिंतीवर चिकटलेली होती. तिच्यावर विमानाचे चित्र होते आणि विमानातून एक गोरे कुटुंब हात हलवत होते. हिंगोलीतून परदेशगमन करणारे कुटुंब आजवर न मिळाल्याने योजना अत्यंत यशस्वीपणे राबवली जात होती, कारण एकही तक्रार आलेली नव्हती.

“विमा निरोगी माणसाचाच निघतो,” वाकोडीकरांनी समजावून सांगितले. “आजारी माणसाला विम्याची गरज असते हे मंडळाला मान्य आहे. पण गरजू माणसाला विमा देणे मंडळाच्या तत्त्वात बसत नाही.”

“आमची याडी ठणठणीत हाय साहेब,” हरिचंद म्हणाला. तांड्याच्या बोलीत आईला तो याडी म्हणे.

“ते तुम्ही सांगून चालत नाही. ते डॉक्टरांना दिसले पाहिजे.”

मंडळाचे मान्यताप्राप्त डॉक्टर म्हणजे हट्टेकर. त्यांचा हिंगोलीतच चार खाटांचा दवाखाना होता. ठरल्या दिवशी रुख्मिणीबाई एस.टी.तून उतरल्या, हिंगोलीतल्या भाचीसाठी आणलेले ज्वारीचे गाठोडे त्यांनी डोक्यावर घेतले आणि स्टँडपासून दवाखान्यापर्यंत अशा चालल्या की मागून येणारा हरिचंद धापा टाकू लागला. सून भिकाबाई मधल्या मध्ये, सासूच्या पुढे जाऊ नये म्हणून पाय आवरत चालली होती. एवढे पाहूनच डॉक्टरांनी सही केली असती तर ही गोष्ट इथे संपली असती. पण डॉक्टर आत बसले होते, आणि वैद्यकशास्त्रात खिडकीतून पाहण्याची पद्धत नाही.

“काय तकलीफ आहे बाई?” डॉक्टरांनी विचारले.

इथे आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे. कुणी तब्येत विचारली तर “बरी हाय” असे म्हणायचे नसते. बरी हाय म्हटले की दृष्ट लागते. दृष्ट लागली नाही तरी विचारणाऱ्याचा अपमान होतो, कारण त्याने आपुलकीने विचारले आणि आपण त्याला दोन शब्दांत वाटेला लावले. खानदानी बाई गुडघ्यापासून सुरुवात करते आणि समोरच्याच्या सवडीप्रमाणे वर वर जाते. रुख्मिणीबाई खानदानी होत्या.

“काय सांगू डाक्टरसाहेब,” त्या म्हणाल्या, “गुडघे तर गेलेच. कंबर धरून राहिली. डोळ्याला दिसना, छातीत भरून येतंय, रातच्याला झोप न्हाई. जेवन तर इचारूच नका, घास उतरत न्हाई.”

डॉक्टर लिहीत गेले. त्यांच्या लिहिण्याने रुख्मिणीबाईंना हुरूप आला. इतक्या मन लावून आपले कुणी ऐकून घेतलेय असे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होते. त्यांनी डोके, दात, नाक, घसा, हातपाय, पाठ, पोट आणि उजवा कान यांचाही समाचार घेतला. डाव्या कानावर त्या येणार तोच बाहेर एक तापाचा रोगी आला आणि त्यांना थांबावे लागले.

मग भिकाबाईची पाळी आली. तिच्यापुढे पेच होता. सासू आजारी असताना सुनेने धडधाकट असणे हा उर्मटपणा, आणि सासूपेक्षा जास्त आजारी असणे हा त्याहून मोठा उर्मटपणा. तिने पदर सावरून मधला मार्ग काढला.

“सासूबाईंचंच समदं,” ती म्हणाली, “पन थोडं थोडं.”

डॉक्टरांनी विचार करून भिकाबाईच्या कागदावर ‘आनुवंशिक’ असा शेरा मारला.

आठवड्याने वाकोडीकरांनी हरिचंदला बोलावून अभिनंदन केले. दोघींचा विमा मंजूर झाला होता. फक्त अर्जदारांना अगोदरपासून असलेले आजार आणि ते ज्या अवयवांत वास करतात ते अवयव नियमाप्रमाणे वगळले होते.

“मग उरलं काय?” हरिचंदने विचारले.

“डावा कान,” वाकोडीकर म्हणाले. “शिवाय केस आणि नखे. या तिन्हींना परदेशात काहीही झाले तरी मंडळ पूर्णपणे पाठीशी आहे.”

“साहेब, कंपनीला पुरा माणूस लागतो.”

“मग वगळलेले अवयव परत घ्यावे लागतील. त्यासाठी ते बरे झाल्याचा दाखला लागेल.”

“पन ते बिघडलेलेच न्हाईत.”

“न बिघडलेली वस्तू दुरुस्त झाल्याचा दाखला कोण देईल?” वाकोडीकरांनी शांतपणे विचारले. “तुम्ही स्वतः बांधकाम खात्यात आहात.”

हा मुद्दा हरिचंदला पटला. त्याच्या खात्यात असे दाखले मिळत असत, पण ते रस्त्यांपुरते होते.

अशा रीतीने दोन निरोगी बायका डॉक्टर हट्टेकरांच्या दवाखान्यात बऱ्या होण्यासाठी दाखल झाल्या. भिकाबाईचे फार अडले नाही. सासूबाईंचे उतरले की तिचेही थोडे थोडे उतरेल, असा डॉक्टरांचा कयास होता. रुख्मिणीबाईंचे मात्र औषध लागू पडेना. डॉक्टर रोज सकाळी विचारत, “आज कसं वाटतंय?” आणि रुख्मिणीबाई रोज सकाळी रीतीप्रमाणे म्हणत, “काय सांगू डाक्टरसाहेब.” एवढे झाले की औषधाची मात्रा वाढे. तांड्यावरून माणसे भेटायला येऊ लागली. आलेल्या प्रत्येकाला नवीन काही सांगितले नाही तर त्याचे एस.टी.चे भाडे वाया जाणार, म्हणून रुख्मिणीबाई प्रत्येकाला एकेक नवा आजार देत, आणि नर्स तो कागदावर चढवी. शेवटी औषधांनी त्यांची अन्नावरची वासना खरोखरच उडाली आणि इंजेक्शनांनी कंबर खरोखरच धरली. उपचार योग्य दिशेने चालले असल्याची डॉक्टरांची खात्री पटली, कारण आता लक्षणे आणि कागद जुळू लागले होते.

कंपनीची तार आली. लौकर निघा, नाही तर जागा दुसऱ्याला देऊ. हरिचंद खाटेजवळ जाऊन बसला. आईचा चेहरा उतरलेला होता.

“याडी, उद्या डाक्टरनं इचारलं तर एकडाव बरी हाय म्हन.”

रुख्मिणीबाईंनी त्याच्याकडे पाहिले. “काहून म्हनू? तुजा बाप म्हनला हुता. पाव्हन्यानं इचारलं, कसं काय? तर म्हनला, झ्याक. तिसऱ्या दिशी आमी त्याला न्हेलं.”

“बाप सापानं मेला याडी.”

“सापाला कुनी सांगितलं मंग?”

 हरिचंद उठला. “ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “न्हाई जात मी. तुला टाकून जायाचं न्हाई म्हंजी न्हाई.” आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला.

रुख्मिणीबाईंना त्या रात्री पहिल्यांदाच खरोखर झोप लागली नाही. सकाळी डॉक्टर आले तेव्हा त्या खाटेवर उठून बसल्या होत्या. देवीचे नाव घेऊन, लेकराच्या बरकतीसाठी, त्यांनी जन्मात न उच्चारलेले वाक्य उच्चारले.

“बरी हाय,” त्या म्हणाल्या. “गुडघे बरे, कंबर बरी, समदं बरं. मला कायबी झालेलं न्हाई.” आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

हे वाक्य डॉक्टरांनी अश्रूंच्या नोंदीसह जसेच्या तसे मंडळाकडे पाठवले. वाकोडीकरांनी ते काळजीपूर्वक वाचून निर्णय दिला. एवढे सगळे आजार असूनही जी बाई आपल्याला काहीच झालेले नाही असे म्हणते आणि म्हणताना रडते, तिचे डोके ठिकाणावर नाही हे उघड आहे. सबब डाव्या कानासह अर्ज नामंजूर. वेडाला वयाची व अवयवाची मर्यादा नसते, असे त्यांनी खाली स्वतःच्या अकलेने जोडले.

हरिचंद शेवटचा प्रयत्न म्हणून कचेरीत गेला तेव्हा वाकोडीकर पाण्याबरोबर रक्तदाबाची गोळी घेत होते. गोळी उतरल्यावर ते जरा मोकळे झाले.

“तुम्ही माणूस साधा,” ते म्हणाले. “अहो, अर्जातल्या सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहायचं असतं. मधुमेह, नाही. दमा, नाही. आम्ही सगळे तेच लिहितो.”

“पन साहेब, याडीला खरंच काय नव्हतं.”

“मग तर सोपंच होतं. तिला विचारायची काय गरज होती?”

ती जागा वाकोडीकरांच्या साडूला मिळाली. साडू सडकेवरचे नव्हते, शाळेवरचे होते, पण त्यांना दमा, त्यांच्या पत्नीला मधुमेह आणि सासऱ्यांना दोन्ही असूनही तिघांचा विमा एका दुपारीत पुऱ्या शरीरानिशी मंजूर झाला. विमानतळावर जाताना सासऱ्यांना दोघांनी धरून मोटारीत बसवले.

रुख्मिणीबाई तांड्यावर परतल्या आणि औषधे बंद होताच आठवड्यात गाठोडी उचलू लागल्या. लेकाचा परदेश बुडाला याचे दुःख त्यांना फार झाले, पण आश्चर्य वाटले नाही. “म्या म्हनलं न्हवतं व्हय,” त्या विचारणाऱ्याला सांगत, “एकडाव बरी हाय म्हनले, आन् बघा.” सबंध तांड्याला ते पटले. आता तर तिथली दुभती म्हैससुद्धा तब्येतीबद्दल काही कळू देत नाही.

तुम्ही हसलात ते ठीक. अडाणी बाई, न झालेले आजार सांगत बसली, तिचा विमा होईलच कसा? तुमचा झाला. त्या दिवशी एजंट पेन पुढे करून म्हणाला, सगळीकडे ‘नाही’ लिहा, आणि तुम्ही लिहिलेत. पत्नी पाणी आणि तुमची रोजची मधुमेहाची गोळी घेऊन शेजारीच उभी होती. तुम्ही तिला हाताने खूण केलीत, जरा थांब, आधी सही होऊ दे.